सरळ धरलं तर एकच

"दुरुस्त न्हाई झालं तरी चालंल," बाईंनी रुमालाची गाठ सोडून ती वस्तू माझ्या टेबलावर ठेवली. "मला फक्त यवढं सांगा, ह्याच्यात माणूस एक दिसायचा का दोन?"

हिंगोलीच्या मोंढ्याजवळ, म्हणजे शेतमालाच्या बाजाराजवळ, एका किराणा दुकानाच्या पायरीला लागून, मी एकतीस वर्षं टेबल मांडून बसलो आहे. घड्याळं, कॅल्क्युलेटर आणि हळदीच्या आडतीतले इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करतो. गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारतं, किती घेणार आणि कधी देणार. दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर मी देत नाही, हे अख्ख्या मोंढ्याला ठाऊक आहे. पण बिघडलेली वस्तू आणून 'दुरुस्त नाही झाली तरी चालेल' म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

वस्तू म्हणजे हातात धरून खेळायचा गेम होता, मोबाईलच्या कितीतरी आधीचा. तळहाताएवढं निळं प्लास्टिक, मधोमध काच, दोन अंगांना दोन लाल बटणं. काचेमागे नारळाचं झाड छापलेलं. वरून माकड नारळ टाकणार, खाली माणूस टोपली घेऊन इकडून तिकडे पळत ते झेलणार, एवढाच खेळ. माझ्या लहानपणी असला गेम आमच्या गल्लीत एकाच पोराकडे होता आणि तो हातात मिळावा म्हणून आम्ही त्याचं दप्तर शाळेपर्यंत वाहत असू.

बाई पासष्टीच्या असाव्यात. पांढरी सुती साडी, केस घट्ट बांधलेले आणि मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला वळवलेलं. असं घड्याळ घालणारी बाई नाडी मोजणारी असते, एवढं माझ्या धंद्यानं मला शिकवलं आहे.

"सिस्टर का?" मी विचारलं.

"व्हय. रुक्माबाई. रिटायर होऊन सात वर्सं झाले."

"आणि हा गेम?"

"माझ्या भावाचा. धम्मानंद मिलिटरीत व्हता, त्यानं तिकडून आणला. माझ्या घरी लेकरू न्हाई, म्हून मी दवाखान्यात ठिवला."

"दोन दिसायचे म्हणजे काय?"

"म्हंजी माणूस. एकाच्या बाजूला दुसरा, जरा फिकट. लई वर्सांचा सवाल हाय, भाऊ. एका लेकराचा हाय. तुमी आधी बघा, मंग सांगते."

मी परवा या म्हणालो. त्यांनी मान हलवली, रुमालाची घडी केली आणि ऊन टाळत भिंतीकडेने निघून गेल्या.

खरं सांगायचं तर त्या दिवशी एका आडत्याचा काटा माझ्याकडे उघडा पडला होता आणि हळदीचा सीझन असल्यानं त्याचे दर तासाला फोन येत होते. तो काटा तसाच ठेवून मी गेम उघडला. असल्या बाबतीत मला धीर धरता येत नाही. मागचे चार स्क्रू गंजलेले होते. सेलच्या जागी हिरवट खार साचला होता. कुणीतरी सेल आत विसरलं की ते पाझरतात आणि पत्रा खातात. मी तो खार व्हिनेगर लावून टूथब्रशनं घासला, मग स्पिरिटनं पुसला. काच आणि सर्किटच्या मध्ये रबराची बारीक पट्टी असते, काळ्या-पांढऱ्या रेघांची, तिला आम्ही झेब्रा म्हणतो. तिच्यातूनच काचेला करंट जातो. ती धुऊन वाळवली. काचेवरची फिल्म उन्हानं जळून तपकिरी झाली होती, ती सोलून एका मेलेल्या कॅल्क्युलेटरची फिल्म कापून लावली. पहिल्यांदा आडवी लागली तर सगळी काच काळीठिक्कर झाली. एकतीस वर्षं झाली तरी मी ती पहिल्यांदा आडवीच लावतो.

असल्या गेमची गंमत अशी की त्यात चित्र हलतच नाही. काचेवर सगळी चित्रं आधीच बनवून ठेवलेली असतात. हा टोपलीवाला माणूस चार जागी, माकड तीन जागी, नारळ तर पंधरा-सोळा. ज्याला करंट मिळाला ते काळं होतं, बाकीची तिथंच असून दिसत नाहीत. माणूस डावीकडून उजवीकडे पळाला असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात एक माणूस विझतो आणि शेजारचा लागतो.

मी नवे सेल टाकले. गेम एकदा बारीक आवाजात वाजला आणि माणूस टोपली घेऊन उभा राहिला. मला फार आनंद झाला. मी चहा मागवला आणि सत्तावीस नारळ झेलले.

तिसऱ्या दिवशी रुक्माबाई सांगितल्या वेळेला आल्या. मी गेम चालू करून त्यांच्यापुढे धरला आणि माझी जीभ सुटली. आता वाटतं, आधी त्यांना बोलू द्यायला हवं होतं. पण इतकं छान काम झालं होतं आणि ऐकायला माणूस समोर होतं.

"तुमचा प्रश्न बरोबर आहे सिस्टर," मी म्हणालो. "ह्यात दोन दिसतात. सेल ताजे असले की जोर जास्त होतो, मग शेजारचं विझलेलं चित्रही थोडं उठतं. फिकट, सावलीसारखं."

त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. त्यांनी डोळे मिटले आणि टेबलाची कड धरली. "दिसतात ना? म्हंजी गेममधीच व्हतं ते."

"हो. पण बाजूनं पाहिलं तर." मी गेम तिरका केला. "हे बघा, इकडून दोन. आणि असा सरळ, डोळ्यासमोर धरला, की एकच. ह्या काचा अशाच असतात. खेळणाऱ्याला कधी दोन दिसत नाहीत, कडेला उभा असेल त्याला दिसतात."

त्यांनी गेम माझ्या हातातून घेतला. दोन्ही हातांनी सरळ डोळ्यांपुढे धरला. मग हात तसेच ठेवून मान बाजूला नेली आणि पुन्हा पाहिलं. परत सरळ, परत बाजूला. मग गेम टेबलावर ठेवला आणि माझ्या स्टुलावर बसल्या. नारळ एकामागून एक खाली पडत होते, तीन पडले आणि गेम आपोआप संपला.

"मी कधी खेळलेच न्हाई," त्या म्हणाल्या. "डुटीवर कुठं खेळता? मी नेहमी कॉटच्या बाजूला उभी."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

कुरुंद्याच्या बाजूला एका लहान गावात त्या नर्स होत्या. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. दोन खोल्यांचा दवाखाना, डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचा. शेतात लेकरांना विंचू चावायचा, काहीबाही चावायचं आणि आया त्यांना घेऊन पळत यायच्या. सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथं नव्हतं, ते वसमतला. प्रत्येकाला वसमतला पाठवायचं तर गाडी नाही आणि विष नसलं तर उगीच धावाधाव. म्हणून रुक्माबाईंनी स्वतःची एक रीत बसवली होती. लेकराला कॉटवर निजवायचं, पाय हलू द्यायचा नाही आणि हातात हा गेम द्यायचा. लेकरू रडायचं थांबे, निपचित पडून राही आणि बाई कडेला उभ्या राहून त्याच्या पापण्या आणि अंगठे बघत. नाग चावलेला असेल तर आधी पापणी जड होते, नजर बिघडते. नारळ सुटायला लागले की गाडी बोलवायची. असं त्यांनी दोन लेकरांना वेळेत ओळखून वसमतला पाठवलं होतं आणि दोघंही वाचली होती. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

"सव्वीस वर्सं झाले," त्या म्हणाल्या. "तातेरावचं पोरगं, माऊली. नऊ वर्साचं. कडब्याच्या गंजीपाशी पायाला कायतरी टोचलं. साप कुनी पायला न्हाई. त्याची माय शालूबाई, तिनं त्याला आधी मारुतीच्या देवळात नेलं. लिंबाचा पाला खाऊ घातला. कडू लागला तर इख न्हाई, गोड लागला तर इख हाय, अशी लोकांची समजूत. पोरगं म्हनलं, कडू लागतंय. तरी अर्धा घंटा बसवलं, खात्री व्हावी म्हून. मंग माझ्याकडं आणलं."

"मग?"

"पायावर बारीक खूण व्हती. सूज थोडी. मी गेम दिला. पोरगं चांगलं खेळून राहिलं व्हतं, हसलं बी. फाट्यावर वसमतची जीप भरून उभी व्हती. डायव्हर दारात आला, म्हनला, सिस्टर, पेशंट हाय का? तवाच पोरगं म्हनलं, सिस्टर, ह्याच्यात माणसं दोन दिसून राहिले. मी आदल्याच दिवशी नवे सेल टाकले व्हते. मला सकाळपासून दोन दिसत व्हते. मी म्हनलं, नवे सेल हायेत रे, म्हून. आन डायव्हरला म्हनलं, जाऊ दे."

पुढची जीप तासाभरानं आली. तोपर्यंत माऊलीच्या पापण्या मिटल्या होत्या. तो वसमतच्या अलीकडेच, वाटेत गेला.

"मी त्याला यवढंच इचारायचं व्हतं," रुक्माबाई म्हणाल्या. "मी किती दिसून राहिले? एक का दोन? यवढंच."

मी माझ्या आयुष्यात पुष्कळ वेळा नको तिथं बोललो आहे, पण त्या दिवसाइतकी माझी मला लाज कधी वाटली नाही. मी घाईघाईनं म्हणालो, "सिस्टर, फिल्म मी नवी लावली आहे. त्यानंही फरक पडू शकतो. सेलही तेव्हा दुसरे असतील."

"मंग जुनी लावून बघा."

जुनी फिल्म मी कचऱ्याच्या डब्यातून काढली. तिच्या कोपऱ्याचा एक तुकडा अजून बरा होता. नव्या फिल्मचा तेवढा भाग कापून तो तिथं बसवला. सरळ धरलं तर एक, बाजूनं दोन. मी वापरलेले सेल टाकून पाहिले, मग दुसऱ्या जातीचे. झेब्रा पट्टी किंचित सरकवून पाहिली. शेजारचा किराणावाला काय चाललंय म्हणून डोकावून गेला. गेम खोटा निघावा म्हणून मी जेवढी खटपट केली तेवढी कुठला काटा खरा निघावा म्हणूनही केली नसेल. चारही वेळा सरळ धरलं की माणूस एकच.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुमी बराबर सांगितलं. कुनीतरी सांगायला पाह्यजे व्हतं."

"सिस्टर, तुम्हाला तरी काय माहीत. कुणालाही असंच वाटलं असतं."

"ते खरं हाय. पन एक गोष्ट ऱ्हाती. गाडी निघताना मी शालूबाईला समद्या गावापुढं बोलले. म्हनलं, अर्धा घंटा देवळात काहून घालवला? लोकायनी तेच धरलं. तातेरावनं धरलं. मागल्या साली तातेराव वारले, मी भेटायला गेले, तर शालूबाई म्हनल्या, सिस्टर, मालक मरोस्तोर मला तेच म्हनले आन ते बराबरच म्हनले. मीच माझं लेकरू मारलं. मी तिथं चहा पिऊन आले, भाऊ. तोंडातून शबुद न्हाई निघाला. मनात म्हनलं, गेमच खराब असंल तर माझी चूक न्हाई, मंग कशाला बोलायचं. त्याच्यासाठी आणला हा तुमच्याकडं."

मग त्यांनी विचारलं, मी त्यांच्याबरोबर येईन का. काच अशी का दाखवते हे त्यांना समजावून सांगता येणार नाही, मी शालूबाईंना सांगावं. मी आडत्याला फोन करून काटा परवावर ढकलला. त्यानं जे ऐकवलं ते इथं लिहिण्याजोगं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही वसमतला उतरलो आणि पुढे काळी-पिवळी जीपनं गेलो. पाडवा चार दिवसांवर होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शिजवलेली हळद वाळत घातलेली होती आणि तिचा उग्र वास गाडीत भरून राहिला होता. रुक्माबाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. वाटेत त्या एकदाच बोलल्या. "त्या लई हाणतील मला," त्या म्हणाल्या, "तर मधी पडू नका."

शालूबाई अंगणात हळद खालीवर करत होत्या. वाळकी, उंच बाई, हात कोपरापर्यंत पिवळे. सिस्टरला पाहून त्यांनी पदर सारखा केला, सुनेला पाणी आणायला सांगितलं आणि बाज ओढून दिली. रुक्माबाई बसल्या नाहीत. पुनम, ती सून, पाण्याचा तांब्या घेऊन आली तो त्यांनी घेतला नाही.

"आधी सांगते," त्या म्हणाल्या. "मंग द्यायचं वाटलं तर द्या."

मला समजावून सांगायला नेलं होतं, पण मला तोंड उघडावं लागलं नाही. त्यांनी पर्समधून गेम काढून चालू केला. तो पाहताच शालूबाईंनी हळदीचे हात लुगड्याला पुसले. त्यांना ओळखायला क्षणही लागला नाही.

"ह्याला खेळत व्हता तो," शालूबाई म्हणाल्या.

"व्हय. धरा. असा, त्याच्यावाणी, डोळ्यासमोर. किती माणसं दिसून राहिले?"

"एकच हाय."

"आता तो तसाच धरा आन इकडून, माझ्या बाजूनं बघा."

शालूबाईंनी मान वाकवली. "दोन हायेत."

"मी इथं उभी व्हते," रुक्माबाई म्हणाल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं, जीप, ड्रायव्हर, माऊलीचं बोलणं आणि आपलं उत्तर. एकही गोष्ट मऊ करून सांगितली नाही. दवाखान्यात रिपोर्ट देतात तसं, वेळेसकट सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "इखानं त्याचे डोळे बिघडत व्हते, म्हून त्याला दोन दिसले. मला समजलं न्हाई. गाडी मी जाऊ दिली. आन गावापुढं नाव तुमचं घेतलं."

पुनम तांब्या तसाच धरून उभी होती. शालूबाईंच्या हातातला गेम केव्हाच संपला होता आणि त्यातला माणूस टोपली घेऊन जागच्या जागी उभा होता.

"कितीक येळ गेला तुमच्याकडं?" शालूबाईंनी विचारलं.

"एक घंटा. दुसरी गाडी साडेबाराला आली."

"आन माझा अर्धा." त्या बाजेच्या कडेला टेकल्या. "सव्वीस वर्सं मी दीड घंटा उचलून राहिले, सिस्टर. मला वाटायचं समदा माझाच हाय."

रुक्माबाई रडल्या नाहीत. त्या मान खाली घालूनही उभ्या नव्हत्या. "तातेराव असते तर त्यायच्यापुढं बी सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "मी उशीर केला. तवाबी केला, आताबी केला."

"तुमी मागल्या साली आल्या तवा तरी सांगायचं व्हतं."

"व्हय."

"मला राग येऊन राहिला तुमचा."

"येऊ द्या."

शालूबाईंनी गेम पदरानं पुसला, त्यावर त्यांच्या बोटांचे पिवळे डाग उठले होते ते गेले नाहीत, आणि सुनेला म्हणाल्या, "पुनम, सिस्टरला पाणी दे. च्या ठिव."

आम्ही चहा घेतला. कुणी माफी मागितली नाही, कुणी दिली नाही. मी आयुष्यभर बिघाड शोधून काढत आलो. बिघाड सापडला की काम संपतं असं मला वाटायचं. त्या अंगणात बसून मला पहिल्यांदा कळलं की कधी कधी तो सापडल्यावर नुसता समोर ठेवायचा असतो, त्याला दुरुस्ती नसते.

निघताना शालूबाई आमच्याबरोबर फाट्यापर्यंत आल्या. वाटेवर जुन्या दवाखान्याच्या दोन खोल्या लागल्या, आता त्यात कुणाचं तरी भुसकट भरलेलं. त्यांच्याशेजारी लिंबाचं झाड होतं, नवी तांबूस पालवी आणि फुलोरा आलेला. शालूबाई तिथं थांबल्या.

"पोरगं गेल्यापासून पाडव्याला बी मी पाला तोंडात घातला न्हाई," त्या म्हणाल्या. "मालक म्हनायचे, तुला कोन्या तोंडानं खाववंल."

फाट्यावर जीप उभी होती. ड्रायव्हरनं आम्हाला पाहून हॉर्न दिला. रुक्माबाई जागच्या हलल्या नाहीत. शालूबाईंनी टाचा उंच करून एक डहाळी ओढली, चार कोवळी पानं तोडली आणि तोंडात घातली. सावकाश चावत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"कडू लागतंय, सिस्टर," त्या म्हणाल्या आणि उरलेली डहाळी रुक्माबाईंच्या हातात दिली.